स्कॅगवेहून वर

अलास्काच्या क्रूझवर गाडी भाड्याने घ्यायचीच असेल तर ती स्कॅगवेला घ्यावी. इतर बंदरांत ती घेऊन जाणार कुठे? जूनो ही राज्याची राजधानी, पण तिला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. विमानाने या नाहीतर बोटीने. गावातला रस्ता चाळीसेक मैल किनाऱ्याने जातो आणि संपतो. केचिकन तर बेटावरच वसलंय. स्कॅगवे मात्र लिन कनाल नावाच्या लांब, अरुंद खाडीच्या पार टोकाला आहे, आणि त्याच्या पाठीमागून क्लोंडाइक हायवे डोंगर चढून सरळ कॅनडात जातो.

हे संशोधन अर्थातच लेकीचं. अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना अलास्का दाखवून आणणं हा तिकडच्या मराठी घरांत आता जवळजवळ सोळा संस्कारांनंतरचा सतरावा झालाय. सिएटलहून बोट निघते, आठवड्याने परत येते, सामान एकदाच उघडायचं, आणि जेवणाची काळजी नाही. ह्यांना क्रूझ हा शब्द अजून जमत नाही. ते बोटच म्हणतात, आणि मीही. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात गेलेल्या माणसाला चौदा-पंधरा मजल्यांची झाली तरी ती बोटच.

तर बोटीच्या सहली सोडून स्वतः गाडी घ्यायची, या प्रस्तावावर घरात मतदान झालं आणि ह्यांचं मत विरोधात पडलं. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. बोटीने आखलेल्या सहलीची बस उशिरा आली तर बोट तिच्यासाठी थांबते किंवा पुढची सोय करते. आपण आपले फिरायला गेलो आणि उशीर झाला, तर शिडी उचलली जाते. बोट ठरल्या वेळी सुटते, पुढचं बंदर गाठणं ही आपली जबाबदारी आणि आपला खर्च. लेकीचा मुद्दा वेगळाच होता. तिने त्या बस-सहलींचे व्हिडिओ पाहिले होते. दहा मिनिटं उतरा, फोटो काढा, चढा. 'बाबा, तुम्हाला दर तासाला कुठेतरी थांबावं लागतं,' ती म्हणाली. मधुमेही माणसाला यापुढे काय उत्तर असणार? प्रस्ताव मंजूर झाला.

मग कागद. एका गाडीत चार माणसं आणि तीन तऱ्हेचे कागद. जावई अमेरिकेचे नागरिक, त्यांना आपला पासपोर्ट पुरे. लेकीचा पासपोर्ट भारतीय, पण ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे तिला कॅनडाचा व्हिसा लागत नाही. दोन्ही सोबत मात्र हवेत. आम्ही दोघं साध्या भारतीय पासपोर्टवाले, अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर आलेले, म्हणजे आम्हाला कॅनडाचा व्हिसा वेगळा काढणं भाग. गंमत म्हणजे गाडी घेतली नसती तरी तो लागलाच असता. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा अजून लागू आहे: परदेशी निशाणाच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात थेट उतारू नेऊ नयेत. या मोठमोठ्या क्रूझ बोटी बहामा, बर्म्युडा, पनामा अशा कुठल्या कुठल्या देशांत नोंदलेल्या. म्हणून सिएटलहून सिएटलला परतणारी जवळजवळ प्रत्येक बोट वाटेत एखाद्या संध्याकाळी कॅनडाच्या व्हिक्टोरियाला टेकते आणि कायद्याचं समाधान करते. त्या संध्याकाळच्या चार-पाच तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याने व्हिसा काढायचा. एवढा काढलाच आहे तर तो दोनदा वापरू, असा शेवटी ह्यांनीही हिशेब मांडला. पैसे वसूल होतात म्हटलं की ह्यांचा विरोध मावळतो.

गाडीचं आरक्षण लेकीने काही महिने आधीच केलं होतं. ते आवश्यकच असतं. स्कॅगवेची कायमची वस्ती हजार-बाराशेच्या आसपास, आणि उन्हाळ्यात धक्क्यांवर तीन-चार बोटी एकाच दिवशी लागतात. गावच्या दहापट माणसं सकाळी उतरतात आणि संध्याकाळी नाहीशी होतात. एवढ्याशा गावात भाड्याच्या गाड्या त्या किती असणार! फोनवर तिने दोनच गोष्टी पुन्हापुन्हा विचारून घेतल्या: ही गाडी कॅनडात नेलेली चालते ना, आणि विमा तिकडे लागू होतो ना. होतो म्हणाले, तर तसं लेखी हवं. सीमेवर विचारलं तर दाखवायला कागद हातात पाहिजे. सगळ्या गाड्यांना ही परवानगी असते असं धरून चालू नये. आणि पासपोर्ट! केबिनच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून नुसतं बोटीचं कार्ड घेऊन खाली उतरायची सवय लागलेली असते. काउंटरवर आमच्यापुढे एक जोडपं होतं. त्यांना ते गाडीची किल्ली हातात आल्यावर आठवलं. नवरा धक्क्याकडे धावत गेला, बायको शांतपणे बाकावर बसून विणायला लागली. मला ती बाई फार आवडली.

गाडी मिळाली, पांढरी, उंच, डिक्की प्रशस्त. डिक्कीत माझी पिशवी. बोटीवरचं फळफळावळ, सँडविच खाली उतरवायला परवानगी नसते आणि सीमेवर फळांची चौकशी होते, म्हणून पिशवीत सिएटलहूनच आणलेल्या सातूच्या पिठाच्या वड्या, चिवडा आणि खाकरे. हे पुढे, जावयांच्या शेजारी. त्यांच्या मनगटावर जुनं एचएमटी, चावीचं. ते बोटीच्या वेळेवर लावलं होतं आणि दिवसभर त्याला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं. याला कारण आहे. उन्हाळ्यात अलास्काचं घड्याळ कॅनडाच्या त्या भागापेक्षा एक तास मागे असतं. सीमा ओलांडली की मोबाइल आपोआप एक तास पुढे उडी मारतो. पण त्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी रेंजच नाही, त्यामुळे एकाचा मोबाइल उडी मारतो, दुसऱ्याचा मारत नाही, आणि गाडीतल्या घड्याळाचं आणखी तिसरंच. अशा वेळी ज्याला जगाची काहीच खबर लागत नाही असं घड्याळ बरं.

स्कॅगवे सोडलं की रस्ता ताबडतोब चढायला लागतो. समुद्रसपाटीपासून निघून सुमारे तेवीस किलोमीटरांत खिंडीच्या माथ्यावर, म्हणजे ३,२९२ फुटांवर. डाव्या-उजव्या बाजूंनी पाणी कोसळत असतं, दरीपलीकडच्या कड्यावर रेल्वेचे रूळ कोरलेले दिसतात. व्हाइट पास रेल्वे, १८९८ साली काम सुरू झालं, १९०० साली पुरं झालं. रूळ तीन फुटी, अरुंद. बोटीवरचे बहुतेक लोक तीच गाडी पकडतात. आम्ही रस्त्याकडेला उभं राहून तिची वाट पाहिली. आधी धूर, मग शिट्टीचा आवाज, मग पलीकडे एक बारीकशी माळ सरकताना दिसली. आतल्या माणसांना आम्ही दिसलो असू की नाही कोण जाणे, पण मी हात हलवला.

हाच तो व्हाइट पास. १८९६ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या युकॉन प्रदेशात क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोनं सापडलं. बातमी बाहेर यायला वर्ष गेलं. जुलै १८९७ मध्ये सोनं घेऊन आलेली पोर्टलंड नावाची बोट सिएटलला लागली आणि लोकांनी नोकऱ्या सोडल्या, दुकानं विकली. सुमारे लाखभर माणसं घरातून निघाली असं म्हणतात. पोचली त्यातली तीस-चाळीस हजार. एक वाट स्कॅगवेहून या खिंडीतून, दुसरी शेजारच्या डायी गावातून चिलकूट खिंडीतून. व्हाइट पासची वाट घोड्यांना जमेल अशी म्हणून लोकांनी जनावरं आणली. चिखल, दगड, वर हाताबाहेर लादलेलं ओझं. सुमारे तीन हजार जनावरं या वाटेवर मेली. वाटेला तेव्हापासून मेलेल्या घोड्यांची वाट असंच नाव पडलं.

वर माथ्यावर कॅनडाचे घोडेस्वार पोलीस फेब्रुवारी १८९८ पासून ठाण मांडून बसले. त्यांचा दंडक असा की वर्षभराचा शिधा आणि सामान घेतल्याशिवाय कुणालाही पुढे सोडायचं नाही. एकूण वजन एका टनाच्या घरात. म्हणजे माणसाने पाठीवर मावेल तेवढं वर न्यायचं, ठेवायचं, परत खाली यायचं, पुन्हा न्यायचं. तीस-तीस, चाळीस-चाळीस फेऱ्या. वाचायला हे क्रूर वाटतं, पण पुढे खायला काही मिळणार नव्हतं, आणि या दंडकाने कितीतरी माणसं उपासमारीतून वाचली असणार. मला मात्र राहून राहून त्या उरलेल्या साठ-सत्तर हजारांचं वाटत होतं. जे कुठूनतरी परत फिरले. कुणी सिएटलहूनच, कुणी धक्क्यावरून, कुणी अर्ध्या चढावर मेलेला घोडा ओलांडताना. त्यांच्या नावाने रस्ता नाही, पुतळा नाही, आणि एखाद्याच्या घरी बायकोने 'आलास ना, बरं झालं' एवढंच म्हटलं असेल. पोचलेल्यांचं तरी काय झालं? चांगल्या जागा आधी आलेल्यांनी अडवून ठेवल्या होत्या. १८९९ मध्ये अलास्काच्या नोममध्ये सोनं सापडल्याची हाक आली आणि हजारो लोक तिकडे पळाले.

माथ्यावर झाडं खुजी होतात, मग खडकच खडक, आणि खडकांच्या खळग्यांत असंख्य लहान तळी. इथे आम्ही किती वेळा थांबलो ते मोजलं नाही. बस पुढे निघून जायच्या, आम्ही उभे. भाड्याच्या गाडीचे पैसे कशाचे द्यायचे असतात ते मला इथे कळलं: चाकं फिरतात त्याचे थोडे, आणि थांबवता येतात त्याचे बरेच. ह्यांनी तर एका तळ्याकाठी चक्क बूट-मोजे काढले. पाणी बर्फाचं, त्यामुळे तो कार्यक्रम लगेच आटोपला.

फ्रेझरला कॅनडाची चौकी. अधिकारीणबाईंनी कागद पाहिले, कुठून, कुठे, किती वेळ, गाडी कोणाची. मग डिक्कीत काय, असं विचारलं. जावयांनी चिवडा हा शब्द इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. मी मागून म्हटलं, 'स्नॅक्स.' सुटलो.

खिंडीपलीकडचा मुलूख वेगळाच. समुद्रावरून आलेले ढग किनाऱ्याच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि पलीकडे पाऊस थोडाच उरतो. आंबोलीचा घाट चढून आजऱ्याच्या पुढे निघालं की हवा जशी हळूहळू कोरडी होत जाते, तशी. टुची सरोवर आलं, मग टॅगिश सरोवराचा विंडी आर्म नावाचा फाटा, त्यात बोव्ह बेट. रस्त्याच्या कडेला फायरवीडची जांभळट गुलाबी फुलं ओळीने उभी. युकॉनचं हे राज्यफूल. एका वळणावर चार-पाच गाड्या थांबलेल्या दिसल्या, म्हणजे अस्वल. होतंच. काळं, अंगाने बेताचं, गवतात तोंड घालून चरत होतं. मला वाटायचं अस्वल म्हटलं की मासे पकडणार, गुरगुरणार. हे गुरासारखं चरत होतं. एक गृहस्थ कॅमेरा घेऊन गाडीतून उतरले, त्यांना त्यांच्या बायकोने आतून असं काही सुनावलं की भाषा न कळताही अर्थ पोचला.

कारक्रॉस हे छोटं गाव. पूर्वी इथून कॅरिबू नावाच्या हरणांचे कळप पाण्याचा अरुंद पट्टा ओलांडायचे, त्या 'कॅरिबू क्रॉसिंग'वरून नाव. बेनेट सरोवराचं पाणी इथूनच पुढे वाहतं. खिंड ओलांडलेल्या लोकांनी १८९८ च्या हिवाळ्यात सरोवराकाठी झाडं तोडून स्वतःच होड्या बांधल्या, आणि मेअखेर बर्फ फुटल्यावर सात हजारांहून जास्त होड्या याच पाण्यातून सोन्याच्या जागेजवळच्या डॉसन गावाकडे निघाल्या. कधी होडी न बांधलेली माणसं ती! रेल्वेच्या दोन टोकांकडून येणारे रूळही इथेच जोडले गेले, २९ जुलै १९०० ला.

ज्यांना पहिलं सोनं सापडलं ते याच भागातले. टॅगिश लोकांपैकी स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली, जिमची बहीण केट, आणि तिचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक. दावा नोंदवला गेला कारमॅकच्या नावाने. नंतर त्याने केटला टाकलं, दुसरं लग्न केलं. ती कारक्रॉसला परत आली आणि १९२० मध्ये फ्लूच्या साथीत इथेच वारली. कॅनडाच्या खाणकाम क्षेत्रातल्या सन्मानयादीत पुरुषांची नावं १९९९ साली गेली. केटचं नाव जायला आणखी वीस वर्षं लागली. भावंडांच्या कबरी इथल्याच दफनभूमीत आहेत. तिकडे आम्ही गेलो नाही. ती गावाची जागा आहे, प्रवाशांची नव्हे. दुकानात लेकीने आइस्क्रीम घेतलं, मी ह्यांना अर्धं दिलं, आणि त्यांनी उरलेलं अर्धं संपवलं.

गावापुढे वाळूच्या टेकड्या आहेत. जगातलं सर्वांत छोटं वाळवंट अशी पाटी मिरवतात. खरं तर ती हिमयुगातल्या सरोवराच्या तळाची वाळू. सरोवर गेलं, वाळू राहिली, वारा तिला इकडून तिकडे करत बसतो. जाहिरातीचा भाग सोडला तरी मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे वाळू हे दृश्य मजेशीरच.

आणि तिथून दहा-बारा किलोमीटरांवर एमराल्ड लेक. या तळ्याबद्दल मी फार लिहिणार नाही, फोटो सगळीकडे आहेत आणि फोटोंत रंग वाढवलेला असतो असं मला आधी वाटलं होतं. वाढवलेला नसतो. तळाशी चुन्याचा पांढरा गाळ साचलाय, त्यावरून प्रकाश परत येतो आणि उथळ पाणी हिरवं, खोल पाणी निळं दिसतं. रस्ता उंचावर आहे, त्यामुळे सगळं तळं एकदम नजरेत मावतं. आम्ही तिथेच डबा सोडला.

इथे खरा प्रश्न उभा राहिला. समोर पाटी: व्हाइटहॉर्स, साठेक किलोमीटर. युकॉनची राजधानी. ह्यांच्या डोळ्यांत चमक. आधी गाडीलाच विरोध करणारा माणूस आता म्हणत होता, एवढं आलोच आहोत तर पाऊण तासाचा प्रश्न आहे. तिथे नदीकाठी जुनी चाकाची आगबोट जपून ठेवली आहे, ती पाहून लगेच मागे फिरू. 'एवढं आलोच आहोत तर' हे वाक्य आमच्या संसारात बरंच महाग पडलेलं आहे, त्यामुळे मी गप्प राहून एचएमटीकडे बोट दाखवलं. लेकीने हिशेब मांडला. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, तिथे निदान तासभर. म्हणजे सीमेवरच्या रांगेसाठी ठेवलेला सगळा वेळ संपला. अमेरिकेची चौकी स्कॅगवेच्या थोडी अलीकडे आहे, आणि दुपारनंतर सगळ्या बोटींच्या सगळ्या बस त्याच एका रस्त्याने खाली येतात. रस्त्यात कुठे काम चालू असेल, दरड असेल, तर दुसरी वाट नाही. जावई काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त गाडीचं तोंड दक्षिणेकडे करून ठेवलं होतं. कधी केलं ते कोणालाच कळलं नाही.

हे थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले, मग म्हणाले, 'त्या पोलिसांनी मला तरी वर सोडलंच नसतं.'

खाली यायला सोपं गेलं. अमेरिकेच्या चौकीवर रांग होती, पण तिच्यासाठी वेळ राखलेला होता. टाकी भरून, किल्ली देऊन, आम्ही धक्क्याकडे चालत निघालो तेव्हा सुटायला बराच अवकाश होता. धक्क्यालगतच्या कड्यावर इथे आलेल्या बोटींची नावं आणि त्यांच्या कप्तानांची नावं रंगवलेली आहेत, वर्षानुवर्षं, उंच उंच. ह्यांनी ती एकेक वाचून काढली.

रात्री जेवताना आमच्या टेबलाला रोजचाच मुलगा होता, वेंगुर्ल्याकडचा. या बोटींवर गोव्याची आणि तळकोकणातली पोरं बरीच. पहिल्याच दिवशी ह्यांनी त्याच्या आडनावावरून गाव काढलं होतं आणि तेव्हापासून आमच्या वरणात तो मागच्या मागे लिंबू पिळून आणत असे. आज आम्ही वर जाऊन आलो म्हटल्यावर त्याने विचारलं, 'वर नेमकं काय असा हो काकू?' तो सगळा हंगाम दर आठवड्याला स्कॅगवेला येतो. पण बंदरात असताना काही जणांनी बोटीवर राहावंच लागतं, त्याची पाळी लागते. सुटी मिळाली तर दोन-तीन तास. त्यात कॅनडाची हद्द ओलांडायची म्हणजे कागदांची भानगड. लेकीने मोबाइलवर तळं दाखवलं. त्याने भाडं किती ते विचारलं, विम्याचे वेगळे का ते विचारलं, चौघांत किती पडलं ते मनात काढलं.

'आम्ही सायकल घेऊन डायीला जातो,' तो म्हणाला. 'तिकडे सरहद्द नाही ना, हद्दीतच आहे.' डायी म्हणजे तेच चिलकूट वाटेचं गाव. एकेकाळी हजारोंची वस्ती. रेल्वे स्कॅगवेहून निघाली आणि डायी ओसाड पडलं. आता तिथे जंगलात जमीन-घरांच्या एका दलालाच्या कचेरीची नुसती दर्शनी भिंत उभी आहे, जुन्या धक्क्याचे कुजलेले खांब आहेत आणि एक दफनभूमी. एप्रिल १८९८ मध्ये चिलकूटच्या वाटेवर हिमकडा कोसळला, साठाहून जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी तिथे पुरलेली. एवढं सगळं त्याला माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

'बघण्यासारखं आहे का?' ह्यांनी विचारलं.

'काका, काहीच नाही तिथे. पण बसायला बरं. कोणी ऑर्डर देत नाही.' पलीकडच्या टेबलावरून त्याला बोलावणं आलं. जाता जाता म्हणाला, पुढच्या खेपेला चौघांची सुटी एका दिवशी जुळली तर गाडी घेऊन निदान माथ्याच्या अलीकडच्या धबधब्यापर्यंत जायचं म्हणतोय, आणि ते आरक्षण किती आधी करावं लागतं ते ताईंकडून लिहून घेईन म्हणाला. लेकीने कागदाच्या रुमालावर नंबर लिहिला, खाली ठळक अक्षरांत: विमा लेखी घेणे.